जबडा दुखतोय, डॉक्टर म्हणतात टेन्शन. मला टेन्शन नाही. मदत हवी आहे

चौथा_मजला
नमस्कार मंडळी. दोन-अडीच महिने झाले, सकाळी उठलं की जबडा आखडलेला. जांभई दिली की कानापाशी कट्ट वाजतं. भाकरी चावायची म्हणजे शिक्षा. दोन डेंटिस्ट झाले, एक्सरे झाला, दाढा ठणठणीत. कानवाल्या डॉक्टरांनी कान बघितला, त्यातही काही नाही. दुसरे डेंटिस्ट म्हणाले, "टेन्शन कमी करा." मला कसलंही टेन्शन नाही. कर्ज फिटलंय, मुलगी मार्गी लागली, नोकरी सरकारी. ठाणे ते कल्याण पट्ट्यात चांगला डेंटिस्ट सुचवा. लवकर सांगा, वैताग आलाय. कृपया योगा सुचवू नये.

सह्यभटका
वय? एकाच बाजूला दुखतं की दोन्ही? पडलाबिडला होतात का कुठे? काहीच न सांगता डेंटिस्ट कसला सुचवणार?

खमंग_काकू
रात्री झोपेत दात खाता का? आमच्या धाकट्याला तशी सवय होती. जंत निघाले. जंताची गोळी घ्या, वावडिंगाचा काढाही चालेल.

दंतकथा
काकू, दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध घरोघरी सांगतात, पण त्याला ठोस पुरावा नाही. (मी दातांचाच डॉक्टर, इथे प्रॅक्टिस करायला आलेलो नाही.) धागाकर्ते, आधी एक सांगा: जिना चढताना किंवा भरभर चालताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, असं होतं का? तसं असेल, किंवा सोबत छाती भरून येणं, घाम, हात दुखणं असेल, तर दातांचा नाद सोडा आणि आजच ईसीजी काढा. तसं नसेल तर पुढचं सांगा. घोरता का? एवढ्यात कुठली गोळी नवीन सुरू झाली? मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही दात आवळले जातात. चहा किती? बीपी किती?

चौथा_मजला
वय ५३. दोन्ही बाजूंना, उजवीकडे जास्त. जिन्याने काही होत नाही, लिफ्ट बंद असते तेव्हा चार मजले चढतोच. गोळी कुठलीच नाही. घोरतो थोडाफार. बायको म्हणते, रात्री फरशीवरून खुर्ची ओढल्यासारखा आवाज येतो, मला वाटलं वरच्यांचा असेल. चहा दिवसाला चार. ऑफिसातले कटिंग धरलेले नाहीत.

सह्यभटका
ऑफिसातले कटिंग का नाही धरायचे? ते काय उपासाला चालतात?

मौन_राग
इगतपुरीला जा. दहा दिवस मौन, फोन जमा. माझी अर्धशिशी गेली. बाकी सगळं फांद्या छाटणं आहे.

चौथा_मजला
वर लिहिलंय, योगा नको.

मौन_राग
विपश्यना म्हणजे योगा नव्हे. निदान फरक तरी समजून घ्या.

बे_एरिया_बंडू
दहा दिवस रजा कोण देतं हो? त्यापेक्षा स्मार्ट वॉच घ्या. झोप, हृदयाचे ठोके, सगळं आलेखात दिसतं. मी रोज सकाळी स्वतःचा ताण किती ते बघतो.

मौन_राग
आणि आकडा वाईट आला की ताण वाढतो ना? आलेख बघून कुणाचं मन शांत झाल्याचं ऐकिवात नाही.

दंतकथा
खुर्ची ओढल्याचा आवाज तुमच्या दातांचा आहे. याला ब्रक्सिझम म्हणतात. जबड्याचे स्नायू रात्रभर काम करतात, म्हणून सकाळी आखडतात. हात लावून बघा, दात आवळले की गालाच्या मागच्या भागात गाठीसारखं वर येतं, तो स्नायू. नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचा साचा, बनवून घ्या, दातांच्या मापाचा. त्याने दात झिजणं वाचतं, सवय जात नाही. दिवसाही तुम्ही दात आवळत असणार. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची आरामाची स्थिती. दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना, एवढंच. मोबाइलच्या पाठीवर लाल टिकली चिकटवा. टिकली दिसली की बघायचं, दात लागलेत का? लागले असतील तर सोडायचे. गरम पाण्याचा शेक द्या, काही दिवस कडक भाकरी, सुपारी, च्युइंगम बंद. दुपारी चारनंतर चहा नको, त्यातलं निम्मं कॅफीन पाच-एक तासांनीही अंगात असतं. घोरण्याचंही डॉक्टरांच्या कानावर घाला, झोपेत श्वास अडखळत असेल तर त्यानेही दात खाल्ले जातात.

नुसतीच_वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. मला दर रविवारी संध्याकाळी पित्त व्हायचं. फक्त रविवारी. चार वर्षं. शनिवारच्या भज्यांवर खापर फोडलं, एंडोस्कोपी केली, भजी सोडली. मग खातं बदललं, सोमवारची आढावा बैठक गेली आणि महिन्याभराने लक्षात आलं की पित्तही गेलंय. तोवर कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा म्हणाले असते, टेन्शन कसलं? म्हणून विचारते, बाहेरगावी गेलात की जबडा दुखतो का?

चौथा_मजला
असं कधी बघितलं नाही. गणपतीत गुहागरला आठ दिवस होतो. तिथे... नसावा बहुतेक. वाड्यावर सुकट-भाकरी रोज खाल्ली ते आठवतंय. पण तिथे रेंजच नसते, त्यामुळे आरामच होता. इथे सोसायटीचे फोन असतात दिवसभर, सेक्रेटरी आहे ना. पण ते टेन्शन म्हणता येणार नाही, सगळ्याच सेक्रेटरींना असतं.

सह्यभटका
अहो!!! हे आत्ता सांगताय? कधीपासून सेक्रेटरी? रिडेव्हलपमेंट तर नाही ना?

चौथा_मजला
आठ महिने झाले. हो, रिडेव्हलपमेंट आहे. ५६ फ्लॅट, ११ जण विरोधात. त्यातला एक माझा पंचवीस वर्षांचा मित्र. समोरच राहतो, आता लिफ्टमध्ये भेटला तर मोबाइल बघतो. ग्रुपवर रात्री साडेअकराला मेसेज, "सेक्रेटरींनी बिल्डरकडून काय घेतलं ते जाहीर करावं." मी उत्तर देत नाही. गप्प बसतो.

खमंग_काकू
गप्प बसत नाही भाऊ, दात खाऊन बसता.

शुद्धलेखन_शत्रू
अवांतर: 'दात खाणे', 'दातओठ खाणे' आणि 'दातखीळ बसणे' यांत गल्लत करू नये. पहिलं झोपेत, दुसरं रागात, तिसरं भीतीने.

सह्यभटका
यांची तिन्ही एकदम चालू आहेत.

कलम_कारकून
११ जण विरोधात असले तरी अडत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय वाचा. ५१ टक्के पुरे. बिल्डर निवडीच्या सभेचं चित्रीकरण केलंत का?

डोंबिवलीकर_७३
७५ टक्के लागतात. आमच्याकडे त्यावरूनच अडलं होतं.

कलम_कारकून
ते २००९ च्या निर्णयात. तुमचं अडलं त्या वर्षी काय नियम होता ते बघा आणि मग लिहा.

डोंबिवलीकर_७३
कागदावर ५१ असतील. जिन्यात भेटतात ते उरलेले ४९.

नुसतीच_वाचक
त्यांनी टक्केवारी विचारलेलीच नाही.

हवालदिल_हवालदार
वरचं सगळं वाचलं नाही, पण नाईट गार्डबद्दल सांगतो. एजन्सीकडूनच घ्या, पोलीस पडताळणी झालेला. एकच ठेवलात तर तोही झोपतो. रात्रीचे दोन ठेवा.

दंतकथा
दोन्ही जबड्यांना एकेक? नको, एकच पुरतो.

नुसतीच_वाचक
चौथा_मजला, आठवडाभर एका वहीत तीनच गोष्टी लिहा. सकाळी जबडा किती दुखला, आदल्या रात्री ग्रुप कितीला बघितला, झोप कितीला लागली. कारण शोधू नका, नुसतं लिहा. आणि कुणाशी तरी मोकळं बोला. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

चौथा_मजला
वेडबिड नाही हो मी.

नुसतीच_वाचक
मीही नव्हते. अर्धा तास बोलले, पुढच्या बाईंनी एकदाही "जास्त विचार करू नका" म्हटलं नाही, त्याचंच बरं वाटलं. पण बरेच आठवडे झोपच लागली नाही, किंवा सगळं संपवावं असं मनात आलं, तर फोनवर भागवू नका, मनोविकारतज्ज्ञांना गाठा.

चौथा_मजला
दहा दिवसांनी लिहितोय. नाईट गार्ड आला. पहिल्या रात्री तोंडात लाकडी चमचा धरून झोपल्यासारखं वाटलं, आता सवय होतेय. चहा मोजला, कटिंग धरून नऊ निघाले. पाचवर आणलाय, दोन दिवस डोकं दुखलं. वहीत सात सकाळी लिहिल्या. चार वाईट, त्यातल्या तीन सकाळींच्या आदल्या रात्री अकरानंतर ग्रुप बघितलेला. चौथीच्या आदल्या रात्री ग्रुप उघडलाच नव्हता, उघडला नाही म्हणून काय लिहिलं असेल याचा विचार करत पडलो होतो. आता ठरवलंय, उत्तरं फक्त शनिवारी, तीही लेखी, सोसायटी ऑफिसच्या फलकावर लावायची. खजिनदारांना सांगितलं की फोन तुम्ही घ्या, ते लगेच हो म्हणाले. आठ महिने मी विचारलंच नव्हतं. ग्रुप रात्री नऊनंतर म्यूट. तर काल सव्वानऊला दारावरची बेल वाजली. समोरचा मित्र. भांडायला आला असेल म्हणून दात आवळलेच, मग टिकली आठवली. त्याच्या गीझरमधून पाणी गळत होतं, पाना हवा होता. दिला. दोघंही रिडेव्हलपमेंटबद्दल काही बोललो नाही. पाना अजून परत आलेला नाही.

कलम_कारकून
फलकावर लावता ते ठीक, पण सभासदांना ईमेलही करा. पुढे उपयोगी पडतं.

दंतकथा
बीपी किती ते अजून सांगितलेलं नाही तुम्ही.