रस्ता, कच्ची वाट आणि बर्फ: तिन्हीला मिळून एकच हेल्मेट घ्यावं का?

गोदाकाठ: माझं हेल्मेट सहा वर्षांचं झालंय, गालाचे पॅड पार बसलेत. रोज गंगापूर रोड ते सातपूर एमआयडीसी, रविवारी हरसूल-पेठकडच्या कच्च्या वाटा, आणि जानेवारीत गुलमर्गला स्नोमोबाईल चालवायची आहे. माझं मत ठाम आहे, एक चांगलं ड्युअल स्पोर्ट (रस्ता आणि माती दोन्हीला चालणारं हेल्मेट) घ्यावं आणि मोकळं व्हावं. हायवेला पीक (कपाळावरची उन्हाची झडप) काढायचं, मातीत व्हायझर (समोरची काच) काढून गॉगल लावायचा. तीन हेल्मेटांचे पैसे एकात घातले तर वस्तू दर्जेदार मिळते.

घाटवाट: भाऊ, मी दोन वर्षं तेच वापरलं आणि सोडलं. कसारा उतरून शहापूरकडे नव्वदच्या वर गेलं की पीक वारा धरतं. शेजारून ट्रक गेला की मान मागे खेचली जाते. ठाण्याला पोचेपर्यंत मानेची शीर धरलेली असायची. रस्त्याला साधं फुल फेस (हनुवटीसकट चेहरा झाकणारं), मातीला वेगळं. दोन घ्याच.

गोदाकाठ: पण पीक काढायला लागतात पाच मिनिटं!

घाटवाट: आणि घरून निघताना काढलेलं पीक संध्याकाळी सूर्य समोर आल्यावर हवं असतं. तेव्हा ते कपाटात.

सप्तशृंगीकर: मी गोदाकाठच्या बाजूने. मे महिन्यात अंजनेरीजवळच्या दगडधोंड्यात फुल फेस घालून बघा. वेग वीसचा, उभं राहून चालवायचं, धाप लागलेली, आत हवाच येत नाही. ड्युअल स्पोर्टची हनुवटी पुढे असते, श्वासाला जागा मिळते. मला तरी दोन हेल्मेटं परवडत नाहीत, आणि बहुतेकांना परवडत नाहीत.

बर्फवेडा: बर्फाचा भाग तुम्ही फार हलक्यात घेताय. गुलमर्गला मी साधं हेल्मेट घातलं होतं. पहिल्या चढावर श्वासाची वाफ काचेला आतून चिकटली आणि तिथेच गोठली. हातमोज्याने पुसली तर पांढरा पापुद्रा नुसता पसरला, समोरची गाडी दिसेना. स्नोमोबाईलच्या हेल्मेटला दुहेरी काच असते, मधे हवेचा थर. नाकातोंडावर ब्रेथ बॉक्स बसतो, तो वाफ काचेकडे जाऊ न देता खाली काढतो. काहींची काच तर गाडीच्या विजेवर तापते. हरसूलला ज्या झरोक्यांनी जीव गार होतो, त्यांनीच तिथे कपाळ बधिर होतं.

गोदाकाठ: दुहेरी काचेचं पटलं. पण पिनलॉकचं (काचेला आतून बसवायच्या पातळ जादा काचेचं) तत्त्व तेच आहे ना? पिनलॉक, नाकावरचा ब्रेथ गार्ड आणि पातळ बालाक्लावा (डोकं-तोंड झाकणारी टोपी), एवढ्यावर तासाभराची फेरी निघेल. तेवढ्यासाठी तिसरं हेल्मेट मी घेणार नाही.

बर्फवेडा: तासाभराला निघेल. झरोके मात्र बंद होणारे बघ. आणि जाड टोपी मावावी म्हणून एक माप मोठं घेऊ नकोस, नाशकात वर्षभर ते डोक्यावर गरगर फिरेल.

द्वारका_सर्कल: एक की दोन ते नंतर ठरवा, आधी आयएसआय बघा. 1 जून 2021 पासून आपल्याकडे त्याशिवायचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, मानक आयएस 4151. बाहेरून मागवणार असाल तर नुसत्या डॉटवर (अमेरिकन मानकावर) जाऊ नका. ईसीई 22.06 या युरोपीय मानकात तिरप्या धडकेचीही चाचणी होते, आणि डोकं रस्त्यावर बहुतेक वेळा तिरकंच आदळतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये नाशकात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू झालं, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने पंपावर दाखवण्यापुरतं रस्त्याकडेचं एक टोपलं घेतलं. पावसात घसरला तेव्हा पट्टा क्लिपसकट उपटला. डोक्याला अकरा टाके. ती तुटलेली क्लिप आईने अजून देवघराच्या खणात ठेवली आहे.

घाटवाट: हे वाचून मी माझा हट्ट थोडा सोडतो. दोन स्वस्त घेण्यापेक्षा एक खरं घ्या. पण पट्टा डबल डी रिंगचा (दोन कड्यांतून ओवून आवळायचा) घ्या, आणि पीक घट्ट बसतंय का ते हलवून बघा.

गोदाकाठ: माप भुवयांच्या वरून घेतलं, 58 आलं.

सप्तशृंगीकर: माझंही 58 आहे. रविवारी गंगापूर धरणाला येताय ना? माझं घालून वीस मिनिटं बसा. कपाळावर एका जागी दुखलं तर मापापेक्षा आकाराची अडचण आहे, मग दुसरी कंपनी बघा.