फिरत्या एलईडी पात्यावरचं चित्र कडेला फासतं आणि गोल सरकत राहतं, नेमकं काय बदलावं?

चक्रप्रकाश (प्रश्न)

४० सेंमी व्यासाचा फिरता डिस्प्ले बांधला आहे (पातं वेगाने फिरताना एलईडी जागोजागी चालू-बंद होतात आणि हवेत चित्र दिसतं). ॲल्युमिनियमची एक सपाट पट्टी मध्यावर मोटरच्या शाफ्टला बसवलेली, शाफ्टच्या दोन्ही बाजूंना २८-२८ एलईडी. डब्ल्यूएस२८१२ (एकाच डेटा तारेवर चालणारे रंगीत एलईडी) ची मीटरला १४४ वाली पट्टी वापरली असून सगळे ५६ एलईडी एकाच साखळीत आहेत. चालवायला अर्दुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि वीज पात्यावरच बसवलेल्या लिथियम बॅटरीतून. वेग मिनिटाला साधारण ९०० फेरे. फेरा कुठे सुरू झाला हे ओळखायला काही लावलेलं नाही, प्रत्येक ओळीनंतरचा विलंब हातानेच जुळवला आहे.

अडचणी अशा. मध्याजवळची अक्षरं वाचता येतात, पण कडेला सगळं फासल्यासारखं दिसतं. संपूर्ण चित्र सावकाश एका बाजूला फिरत राहतं. फिके रंग सलग न दिसता तुटक ठिपके दिसतात. मध्यभाग डोळ्यांत खुपेल इतका उजळ आणि कड मंद. शिवाय ७०० फेऱ्यांच्या पुढे स्टँड थरथरतो. हा डिस्प्ले रोज काही तास चालवायचा आहे, त्यामुळे बॅटरीऐवजी वीज कशी पोचवावी तेही सांगा.

आराबारा

कडेचं फासणं आणि तुटक ठिपके या दोन अडचणींचं मूळ एलईडीच्या निवडीत आहे. जरा हिशेब करून बघा.

९०० फेरे म्हणजे सेकंदाला १५, एका फेऱ्याला ६६.७ मिलिसेकंद. डब्ल्यूएस२८१२ ला एका एलईडीचा डेटा द्यायला ३० मायक्रोसेकंद लागतात (२४ बिट, प्रत्येकी १.२५) आणि हा वेग बदलता येत नाही. ५६ एलईडीचे १.६८ मिलिसेकंद, वर रीसेटचा वेळ. म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम ३८ आरे बसतात (पात्याच्या एका स्थितीत दिसणारी एलईडींची ओळ म्हणजे एक आरा). कडेचा परीघ १२५ सेंमी आहे, त्यामुळे तिथे एक आरा ३३ मिमी रुंद होतो. तुम्हाला कडेला जे फासलेलं दिसतं ते हेच. प्रोग्राम कितीही सुधारला तरी यात फरक पडणार नाही.

तुमच्या मापाला १८० आरे योग्य. कडेला एक आरा ७ मिमीचा होतो आणि १४४ च्या पट्टीवर दोन एलईडींमधलं अंतरही जवळपास ७ मिमीच असतं, म्हणजे आडवी-उभी बारकाई सारखी. त्याहून जास्त आरे केले तर कडेला थोडा फायदा दिसेल, आत काहीच नाही. १८० आऱ्यांसाठी एका आऱ्याला ३७० मायक्रोसेकंद मिळतात.

इथे एपीए१०२ जातीचे एलईडी लागतात. त्यांना डेटा आणि क्लॉक अशा दोन वेगळ्या तारा असतात, त्यामुळे वेग आपण ठरवायचा. ५६ एलईडींचे सुरुवातीच्या आणि शेवटच्या फ्रेमसकट १,८५६ बिट होतात. ८ मेगाहर्ट्झला ते २३२ मायक्रोसेकंदांत जातात, ३७० मध्ये आरामात.

फिक्या रंगांचे ठिपके पीडब्ल्यूएममुळे, म्हणजे एलईडी झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करण्याच्या पद्धतीमुळे पडतात. डब्ल्यूएस२८१२ एलईडीला सेकंदाला सुमारे ४०० वेळा चालू-बंद करतो, एक आवर्तन २.५ मिलिसेकंदांचं. तेवढ्यात पात्याचं टोक ४७ मिमी पुढे जातं. रंग फिका असेल तर त्या ४७ मिमीत प्रकाशाचा एक तुकडा आणि मग काळोख. एपीए१०२ मध्ये हेच आवर्तन सुमारे २० किलोहर्ट्झचं आहे, एका आऱ्यात सात वेळा. मात्र त्यातला ५ बिटांचा वेगळा ब्राइटनेस कायम ३१ वर ठेवा. तो कमी केला की त्याचं सुमारे ६०० हर्ट्झचं पीडब्ल्यूएम वर चढतं आणि ठिपके परत येतात. उजेड कमी करायचा तो तिन्ही रंगांच्या ८ बिटांतच करायचा.

एपीए१०२ म्हणून बऱ्याचदा त्यांच्यासारखेच एसके९८२२ हातात पडतात. त्यांचं पीडब्ल्यूएम ४.७ किलोहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे एका आऱ्यात दोन आवर्तनंही पुरी होत नाहीत. चालतात, पण अगदी गडद छटांत दाणे दिसतात. शिवाय ते नवा रंग पुढची सुरुवातीची फ्रेम आल्याशिवाय दाखवत नाहीत, त्यामुळे डेटाच्या शेवटी ३२ शून्यं जादा पाठवावी लागतात. नाही पाठवली तर चित्र एक आरा मागे राहतं आणि चूक सेन्सरमध्ये शोधण्यात वेळ जातो.

आता चित्र सरकण्याबद्दल. मोटर ९०० ची ८९० झाली की फेरा ६७.४ मिलिसेकंदांचा होतो, पण तुमचा विलंब ६६.७ चाच. दर फेऱ्याला ४ अंशांचा फरक साठत जातो. स्टँडवर एक चुंबक आणि पात्यावर हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की सिग्नल देणारा) लावा. ए३१४४ चालेल, पण तो दक्षिण ध्रुवालाच दाद देतो आणि तोही छापील बाजूने. चुंबक उलटा बसला की सेन्सर बिघडल्यासारखा वाटतो. त्याला ५ व्होल्ट द्या. आउटपुट ओपन कलेक्टर (स्वतः व्होल्टेज न देता फक्त शून्याकडे ओढणारं) असल्यामुळे १० किलोओमचा पुल-अप रोधक ३.३ व्होल्टला जोडला की ईएसपी३२ या वाय-फायवाल्या मायक्रोकंट्रोलरला थेट चालतो.

प्रोग्राममध्ये दोन पल्समधला वेळ मोजायचा, त्याला १८० ने भागायचं आणि तेवढ्या अंतराने हार्डवेअर टायमर वाजवायचा. दुसऱ्या पात्याला, म्हणजे शाफ्टच्या पलीकडच्या २८ एलईडींना, ९० आरे पुढचा डेटा. मागच्या फेऱ्याच्या निम्म्याहून कमी वेळात आलेला पल्स सरळ टाकून द्या, नाहीतर मोटरच्या एखाद्या विद्युत झटक्याने चित्र दचकतं.

उनोवर हे सगळं ओढून-ताणून बसेल. त्याची रॅम २ केबी, आणि १८० × २८ × ३ म्हणजे एकच चित्र १५ केबीचं. शिवाय डब्ल्यूएस२८१२ च्या नेहमीच्या लायब्ऱ्या डेटा जाईपर्यंत इंटरप्ट (सेन्सरच्या पल्सची तातडीने दखल घेण्याची सोय) बंद ठेवतात. ते १.६८ मिलिसेकंद म्हणजे पात्याचे ९ अंश. सेन्सर लावूनही चित्र तेवढं थरथरत राहिलं असतं. ईएसपी३२ घ्या, त्याचा एसपीआय (डेटा-क्लॉकचा मार्ग) डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला न अडवता आपोआप डेटा पाठवण्याच्या सोयीने चालवा, वाय-फाय एका कोअरवर आणि चित्राचं काम दुसऱ्यावर. पातं न थांबवता नवं चित्रही पाठवता येईल. त्याचे ३.३ व्होल्टचे सिग्नल ५ व्होल्टच्या एलईडीला भरवशाचे नसतात, मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ चिप टाका.

शाफ्ट_बेअरिंग

वरचा हिशेब पटला. मी वीज आणि यंत्राबद्दल सांगतो, कारण चुकलं तर इजा होते ती इथेच.

तुमच्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १८.८ मीटर आहे, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. टोकाशी असलेल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १८० पट जोर बाहेरच्या बाजूला येतो. २ ग्रॅमचा नट तिथे ३६० ग्रॅमसारखा ओढतो. बॅटरी मध्याजवळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ४५ ग्रॅमचा १८६५० सेल मध्यापासून ३ सेंमीवर असला तरी त्याच्यावर सव्वा किलोची ओढ असते आणि स्प्रिंगचा होल्डर ती पेलत नाही. गरम गोंद कुठेच नको. एलईडीच्या पट्टीचं मागचं चिकट अस्तरही पुरेसं नाही, बाहेरच्या टोकाला तिला आडवा अडसर हवा आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी आवळपट्टे. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे). मोठा कपॅसिटर उभा ठेवला तर त्याचे पाय तुटतात, तो पात्याच्या लांबीत आडवा झोपवून बांधा.

स्टँड थरथरतो तो तोल नसल्यामुळे. टोकाशी ५ ग्रॅमचा फरक असेल तर जवळपास ९ न्यूटनचा धक्का सेकंदाला पंधरा वेळा, दर वेळी नव्या दिशेने. पातं मोटरवरून काढा, शाफ्टच्या मापाची सळई त्यात घाला आणि ती सळई दोन समपातळीतल्या धारदार कडांवर ठेवा. जड बाजू खाली येईल. हलक्या बाजूला वॉशर वाढवत जा, पातं कुठल्याही कोनात सोडलं तरी जागचं हलेनासं होईपर्यंत. सेन्सर, तारा, स्क्रू, सगळं बसवून झाल्यावरच हे करायचं. नंतर एक तार हलवली तरी पुन्हा तपासणी.

विजेसाठी बाजारातली छोटी कॅप्सूल स्लिप रिंग (फिरत्या भागाला घासत्या कड्यांतून वीज देणारा जोड) घेऊ नका. त्यांची मर्यादा बहुधा मिनिटाला २५०-३०० फेऱ्यांची असते. ९०० ला त्या काही काळ चालतात, मग आतली घासण वाढून वीज क्षणभर तुटू लागते आणि ईएसपी३२ रीसेट होत राहतो. बेअरिंगमधून वीज नेण्याची युक्तीही टाळा. गोळ्या आणि खाचेमध्ये ठिणग्या पडून पृष्ठभागाला खड्डे पडतात, आधी आवाज वाढतो आणि मग बेअरिंग जातं.

रोज काही तास चालवायचं तर बिनतारी कॉइल जोडी उत्तम. एक कॉइल स्टँडवर, दुसरी पात्यावर, दोन्ही शाफ्टशी समकेंद्री, मध्ये २-३ मिमी फट. अंतर वाढलं की मिळणारा करंट झपाट्याने पडतो. लोखंडी शाफ्ट कॉइलच्या मधून गेला तर तो तापतो आणि वीजही खातो, म्हणून कॉइलच्या मागे फेराइटची चकती लावा आणि पातं ज्यावर बसतं तो हब प्लास्टिकचा किंवा डेल्रिनचा करा. पात्यावरच्या बाजूला १,००० मायक्रोफॅरड.

पुढे ३ मिमी पॉलीकार्बोनेटची ढाल आणि कडेने पूर्ण कडं हवंच. ॲक्रिलिक नको, त्याचे तुकडे उडतात.

चक्रप्रकाश

एपीए१०२ आणि ईएसपी३२ वर जातो. दोन गोष्टी राहिल्या. पूर्ण पांढऱ्यासाठी एका एलईडीला ६० मिलीॲम्पियर धरले तर ५६ चे ३.३६ ॲम्पियर होतात, कॉइल एवढं देईल का? आणि मध्यभागाच्या उजेडाचं काय करायचं?

आराबारा

दोन्हींचं उत्तर एकच आहे. २ सेंमी त्रिज्येवरचा एलईडी आपला प्रकाश १२.५ सेंमी परिघावर पसरतो आणि कडेचा १२५ सेंमीवर. म्हणून आतला दहापट उजळ दिसतो. प्रत्येक एलईडीच्या रंगमूल्याला (त्रिज्या ÷ २०) ने गुणा, म्हणजे २ सेंमीवरचा दहाव्या भागाने जळेल. चित्राचा गॅमा (डोळ्याला छटा बरोबर दिसाव्यात म्हणूनची उजेडाची दुरुस्ती) आधी लावायचा आणि हा गुणाकार नंतर. क्रम उलटला तर मध्यभाग काळा पडतो.

या दुरुस्तीने एकूण करंटही जवळपास निम्म्यावर येतो, पूर्ण पांढऱ्याला साधारण १.८ ॲम्पियर. प्रत्यक्ष चित्रात पांढरं क्वचितच सगळीकडे असतं. तरीही प्रत्येक चित्राची बेरीज आधी करून १.५ ॲम्पियरच्या वर गेलेलं चित्र त्या प्रमाणात मंद करा.

चित्राचं ध्रुवीय रूपांतर, म्हणजे चौकोनी चित्र आऱ्यांत बसवण्याचं गणित, मायक्रोकंट्रोलरवर करू नका. संगणकावर एकदाच १८० × २८ चा तक्ता काढा आणि तयार बाइट पाठवा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली तर आऱ्यांचा क्रम उलटा करायचा, मोटर नव्हे. मोटर उलटी फिरली की हबचा मळसूत्री नट सैल होऊ शकतो.

जुनी_चकती

या विषयाला जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत.

१८३२ मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लातोने कडेला फटी असलेली फिरती चकती केली. चकतीवर क्रमाने चित्रं, आरशासमोर धरून फटींतून बघायचं. व्हिएन्नात सायमन श्टाम्फरने स्वतंत्रपणे तशीच चकती काढली. फट अरुंद केली तर चित्र रेखीव पण काळोखं, रुंद केली तर उजळ पण पसरट. १८७७ मध्ये एमिल रेनोने फटी काढून मध्यावर आरसे बसवले, तेव्हा उजेड परत मिळाला. तुमच्या पात्यावर फटीची जागा एलईडी चालू राहण्याच्या वेळेने घेतली आहे. पूर्ण ३७० मायक्रोसेकंद चालू ठेवलं तर प्रत्येक ठिपका ७ मिमी ओढला जातो. अक्षरं दाखवायची असतील तर आऱ्याच्या उत्तरार्धात एलईडी विझवून बघा, कडा लगेच सुधारतात. उजेड निम्मा होतो. मात्र विझवायला आणखी २३२ मायक्रोसेकंदांचा डेटा जातो आणि ३७० मध्ये दोन खेपा बसत नाहीत. त्यासाठी दोन्ही पाती वेगळ्या एसपीआयवर घ्या, प्रत्येकी १२० मायक्रोसेकंद.

दुसरी गोष्ट ताळमेळाची. पॉल निपकोने १८८४ मध्ये सर्पिल भोकांच्या चकतीचं पेटंट घेतलं, आणि दूरचित्रवाणीचा स्कॉटिश संशोधक जॉन बेअर्ड याचा ३० रेषांचा दूरचित्रवाणी संच याच तत्त्वावर सेकंदाला १२.५ चित्रं दाखवायचा. त्याची चकती मिनिटाला ७५० फेरे फिरायची आणि वेग जुळवायला ३० दात्यांचं चाक होतं, म्हणजे दर फेऱ्याला तीस दुरुस्त्या. तुमचं पातं उभं फिरतंय आणि तोल थोडा जरी कमी असला तर जड टोक खाली जाताना पातं वेग घेतं आणि ते टोक वर येताना मंदावतं. एका चुंबकाला हे कळत नाही. चित्राचा एक भाग दाबलेला आणि समोरचा ताणलेला दिसला तर आधी तोल सुधारा. तरीही राहिलं तर सहा चुंबक ६०-६० अंशांवर बसवा आणि शून्याची खूण म्हणून त्यांतल्या एकाच्या शेजारी सातवा.

शाफ्ट_बेअरिंग

एक सुरक्षेची गोष्ट राहिली होती. सुरू होताना आणि थांबताना पातं अशा वेगांतून जातं की बघणाऱ्याला ३ ते ३० हर्ट्झची लुकलुक दिसते, आणि प्रकाशाने फिट येणाऱ्या व्यक्तीला ती धोकादायक असते. फेऱ्याचा वेळ ७५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त असेल, म्हणजे वेग ८०० च्या खाली, तर सगळे एलईडी बंद ठेवा. प्रोग्राममध्ये एका अटीचं काम आहे. याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण ९०० फेऱ्यांनाही दोन पात्यांची लुकलुक ३० हर्ट्झचीच असते. सेन्सरचा पल्स १०० मिलिसेकंदांत आलाच नाही तरीही बंद, नाहीतर तार तुटल्यावर पातं शेवटचा आरा जळता ठेवून फिरत राहतं.

लुकलुक अजून जाणवली तर मोटर १,२०० वर न्या, दोन पात्यांमुळे सेकंदाला ४० चित्रं होतात. तेव्हा टोकावरचा जोर मात्र १८० पटींवरून ३२० पटींवर जातो, म्हणून त्याआधी प्रत्येक स्क्रू पुन्हा बघा. आऱ्याची वेळही २७८ मायक्रोसेकंदांवर येते. एका साखळीच्या २३२ ला ती कशीबशी पुरते, पण उत्तरार्धात विझवायचं असेल तर दोन एसपीआय लागतील, १६ मेगाहर्ट्झ केलं तर आणखी सैल बसेल. आणि फोटो काढताना कॅमेऱ्याचा शटर १/३० सेकंदावर ठेवा. ९०० फेऱ्यांना दोन पाती तेवढ्या वेळात बरोबर एक पूर्ण वर्तुळ भरतात. त्याहून वेगवान शटरला चित्राचा फक्त एक तुकडा येतो, डिस्प्लेत काही बिघाड नसतो.