विहीर कोणाच्या पैशांनी खोदणार?

(नागाळा पार्क, कोल्हापूर येथील एका सोसायटीचा रहिवासी ग्रुप. रविवार सकाळ.)

माने, ब-१०२ : सर्वांना नमस्कार. मागे येथे ज्या लहान तेल कंपनीचा विषय निघाला होता, तिने गुंतवणूकदारांसाठी केलेले सादरीकरण वर जोडले आहे. कंपनीचे आज उत्पादन नाही, परंतु गुजरातमधील खंभातच्या खोऱ्यात तिच्याकडे एक क्षेत्र आहे आणि पावसाळा संपल्यावर तेथे नवी विहीर खोदण्याचा तिचा मानस आहे. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्यामुळे येथे निघालेल्या तेलाला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही, असे मला वाटते. शेअर सध्या रोज अप्पर सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव जितका चढू दिला जातो त्या कमाल मर्यादेला, बंद होत आहे. आपल्या विंगमधील तिघाचौघांनी तो घेतला आहे, मीही थोडा घेतला आहे. भिशी लागल्यावर त्या रकमेतून आणखी घ्यावा का, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे. कुलकर्णी सर, आपण बँकेत ऑडिटला होता, म्हणून आपल्याला विशेष विनंती.

सचिव : चर्चेला हरकत नाही, मात्र सेबीकडे नोंदणी नसताना कोणी कोणाला 'घ्या' किंवा 'विका' असे सांगू नये. सोसायटीच्या ठेवींचा विषयही यात आणू नये, ही नम्र सूचना.

पाटील, अ-१०४ : आमच्या गावाकडे बोअर मारण्याआधी पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानात फिरतो आणि नारळ उभा राहिला की येथे पाणी आहे म्हणून सांगतो. पाणी लागो न लागो, बोअरच्या गाडीवाल्याला फुटावर पैसे मोजावेच लागतात. मानेदादा, या कंपनीचा नारळ उभा राहिलेला दिसतो आहे. फुटाचे पैसे कोण देणार, एवढेच मला विचारायचे आहे.

कुलकर्णी, अ-३०१ : पाटील काकांचा प्रश्न नेमका आहे आणि त्याच्याकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी सादरीकरणातील तो ठळक आकडा पाहू, कारण बहुतेकांनी शेअर त्या आकड्यावर विसंबून घेतलेला दिसतो. वर मोठ्या टाईपात कोट्यवधी बॅरलचा आकडा आहे आणि पानाच्या तळाशी, मोबाईलवर बोटांनी मोठे केल्याशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, 'प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्सेस, हाय एस्टिमेट' असे लिहिले आहे. तेल उद्योगात सर्वत्र मान्य असलेल्या वर्गीकरणानुसार, विहीर खोदून सापडलेल्या, काढणे परवडणाऱ्या आणि काढण्याची योजना ठरलेल्या तेलालाच 'रिझर्व्ह' म्हणता येते. सापडले आहे, पण काढणे अद्याप परवडत नाही किंवा मंजुरी अडली आहे, असे तेल 'कंटिंजंट' या वर्गात जाते. भूकंपीय सर्वेक्षणावरून, म्हणजे जमिनीत कंपनलहरी सोडून केलेल्या पाहणीवरून, जे असावे असे वाटते, पण ज्याच्यापर्यंत अजून एकही विहीर पोहोचलेली नाही, ते 'प्रॉस्पेक्टिव्ह'. त्यातही 'हाय एस्टिमेट' म्हणजे तेवढे किंवा त्याहून अधिक तेल निघण्याची शक्यता सुमारे १० टक्के, आणि तीसुद्धा मुळात तेथे तेल सापडले तर!

विहिरी खोदून झाल्यावरही आकडे कसे उतरतात, याचे उदाहरण जवळचेच आहे. गुजरात स्टेट पेट्रोलियम कॉर्पोरेशनच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील शोधाबद्दल २००५ मध्ये २० ट्रिलियन (२० लाख कोटी) घनफूट वायूचा आकडा जाहीर झाला होता. २००९ च्या विकास आराखड्यात तो सुमारे २ ट्रिलियनवर आला आणि २०१७ मध्ये तेथील ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने विकत घेतला. ती राज्य सरकारची कंपनी होती, म्हणून तो भार पेलला गेला. आपल्या या कंपनीमागे असे कोण उभे आहे?

मी काल रात्री तिचा वार्षिक अहवाल काढून वाचला. ताळेबंदात 'विकासाधीन अमूर्त मालमत्ता' या ओळीत एका जुन्या विहिरीचा खर्च आहे. तिचे खोदकाम थांबून काही वर्षे झाली, तरी तो खर्च जसाच्या तसा मालमत्तेत दाखवलेला आहे. ज्या वर्षी ती विहीर कोरडी मानावी लागेल, त्या वर्षी तो एकदम तोट्यात जाईल. खालच्या टिपेत 'व्यवस्थापनाच्या मते मूल्यघट करण्याची आवश्यकता नाही' असे वाक्य आहे, म्हणजे मालमत्तेची किंमत कमी करून दाखवायची गरज नाही. साखर कारखान्यांच्या आणि सूतगिरण्यांच्या ताळेबंदांत हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की, ते दिसले की माझा हात आपोआप मागच्या पानाकडे जातो. बँकेतील शिल्लक पाहता एक विहीरसुद्धा पूर्ण होणार नाही. म्हणजे काकांच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : फुटाचे पैसे नव्याने येणाऱ्या भागधारकांकडून घेतले जाणार.

अप्पर सर्किटबद्दल एकच सांगतो. भावाच्या शेजारी उलाढालीचा आकडाही पाहत जा. काही दिवशी जेमतेम काहीशे शेअरची देवघेव झालेली आहे. विकणारा नसल्यामुळे जो भाव चढतो, तो उतरू लागला की घेणारा नसतो, आणि मग आपली विक्रीची ऑर्डर दिवसभर नुसती रांगेत उभी राहते.

माने, ब-१०२ : सर, एवढे सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तरीही एक शंका उरते. राजस्थानात बारमेरला शेलसारखी बलाढ्य कंपनी आपला हिस्सा विकून बाहेर पडली आणि त्याच क्षेत्रात केर्न या ब्रिटिश तेल कंपनीला २००४ मध्ये मंगला हे प्रचंड तेलक्षेत्र सापडले. त्या वेळी सर्वांनी ताळेबंदाचे मागचे पान उलटले असते, तर ते तेल आजही वाळूखालीच राहिले असते. शिवाय आखातात तणाव वाढला की कच्च्या तेलाचा भाव चढतो, त्याचा लाभ या शेअरला मिळणार नाही का?

कुलकर्णी, अ-३०१ : बारमेरचे उदाहरण चांगले आहे, म्हणूनच ते पुरते पाहावे. केर्नने १९९६ मध्ये कमांड पेट्रोलियम ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर आंध्र किनाऱ्याजवळचे रव्वा तेलक्षेत्र केर्नकडे आले. तेथून तेल निघत होते, पैसा येत होता, त्यामुळे बारमेरमधील कोरड्या विहिरी पचवण्याची ताकद तिच्याकडे होती. मंगला सापडल्यावरही पहिले तेल निघायला ऑगस्ट २००९ उजाडले. ते तेल मेणचट असल्यामुळे थंड झाले की घट्ट होते, म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत ते गरम ठेवून नेणारी ६०० किलोमीटरहून लांब वाहिनी टाकावी लागली. जानेवारी २००७ मध्ये तिच्या भारतातील कंपनीचा, केर्न इंडियाचा, शेअर १६० रुपयांना विकून बाजारात नोंदला गेला आणि पहिल्याच दिवशी त्या किमतीच्या खाली बंद झाला. तेल सापडलेले, साठा मोजलेला, तरीही ही स्थिती होती. पुढे ज्यांनी धीर धरला त्यांना चांगले पैसे मिळाले, हेही मी मान्य करतो.

भाववाढीचा लाभ विकायला तेल असणाऱ्याला होतो. जुलै २०२२ मध्ये सरकारने देशी कच्च्या तेलावर विंडफॉल कर, म्हणजे भाव चढल्याने झालेल्या अवचित नफ्यावरचा कर, लावला, तेव्हा वर्षाला २० लाख बॅरलपेक्षा कमी उत्पादन असणाऱ्यांना त्यातून वगळले होते. डिसेंबर २०२४ मध्ये तो करही गेला. लहान उत्पादकांचे त्या काळात भले झाले असेल, परंतु आपली कंपनी अजून उत्पादकच नाही.

शिंदे, ब-२०३ : नमस्कार. माझ्या यजमानांनीही हा शेअर घेतला आहे, म्हणून मी सादरीकरण बाजूला ठेवून टपाली मतदानाची नोटीस वाचली. ती सर्व भागधारकांना ईमेलने आली आहे, पण बहुतेकांनी उघडली नसावी. काही ठरावीक व्यक्तींनाच प्रेफरन्शियल पद्धतीने, म्हणजे इतर भागधारकांना न विचारता, वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) देण्याचा विशेष ठराव त्यात आहे. वॉरंट घेणाऱ्याने आज २५ टक्के रक्कम भरायची आणि उरलेली १८ महिन्यांच्या आत. दरम्यान तेल लागले किंवा नुसती हवा झाली, तर तो बाकी रक्कम भरून आजच्या ठरलेल्या भावाने शेअर घेईल. विहीर कोरडी निघाली, तर २५ टक्क्यांवर पाणी सोडून मोकळा होईल. आपण मात्र पूर्ण पैसे आधीच मोजलेले आहेत. नोटिशीच्या कोष्टकानुसार सगळ्या वॉरंटचे शेअर झाले तर एकूण शेअर जवळजवळ दुप्पट होतात, म्हणजे सादरीकरणातील तेल खरोखर निघाले तरी आपल्या वाट्याला त्याचा निम्माच हिस्सा राहील. पैसा कशासाठी हवा, या रकान्यात 'विहीर खोदणे, खेळते भांडवल आणि सर्वसाधारण कामकाज' असे एका दमात लिहिले आहे. विहिरीसाठी नेमके किती, हे मला तरी सापडले नाही.

विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांकडे, निम्म्याहून कमी शेअर आहेत, त्यामुळे आपल्यासारख्यांची मते अगदीच वाया जाणार नाहीत. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे.

माने, ब-१०२ : वहिनी, ती नोटीस माझ्या ईमेलमध्ये स्पॅममध्ये पडलेली आत्ता सापडली. सर, आपले सगळेच म्हणणे मला पटलेले नाही. घेतलेले शेअर मी विहीर होईपर्यंत ठेवणार आहे आणि ती रक्कम बुडाली तरी घर अडणार नाही. भिशीच्या पैशांचा विचार मात्र ठरावाचा निकाल लागल्यावर करीन. मतदान कसे करायचे?

शिंदे, ब-२०३ : ज्या डिपॉझिटरीत (डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेत) आपले खाते आहे, त्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या ई-व्होटिंग पानावर जाऊन लॉग-इन करावे. फक्त नोटिशीत दिलेल्या कट-ऑफ तारखेला ज्यांच्या खात्यात शेअर होते, त्यांनाच मत देता येते, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर घेतले असतील तर उपयोग नाही.

पाटील, अ-१०४ : मी शेअर घेतलेले नाहीत असे समजून इतका वेळ बोलत होतो, पण मुलाने ते माझ्याच डिमॅट खात्यावर मे महिन्यात घेतल्याचे आत्ता त्याने कबूल केले. वहिनी, ओटीपी माझ्याच मोबाईलवर येणार ना? तसे असेल तर संध्याकाळी त्याला घेऊन तुमच्याकडे येतो.