हायब्रिड घ्यावी की दुसरं काही? गाडीवाल्यांनो, अनुभव सांगा

आमची पेट्रोल ऑटोमॅटिक आता थकली आहे. नवीन बघायला निघालो आणि डोकं गरगरलं. जो तो विक्रेता 'आमची हायब्रिडच आहे' म्हणतो. पण एकाची गाडी निव्वळ विजेवर पार्किंगमधून बाहेरसुद्धा पडत नाही आणि दुसऱ्याची ट्रॅफिकमध्ये निम्मा वेळ इंजिन न लावता सरकते. दोघांच्या पाठीवर बिल्ला मात्र एकच.

माझा वापर असा: रोज ऑफिस, सगळा रस्ता रडतखडत. अधूनमधून लांबचा प्रवास, त्यात घाट. पार्किंग आहे, पण तिथे प्लग नाही आणि लवकर मिळेल असं वाटत नाही.

माहितीपत्रकं वाचून झालीत. मला हवंय ते वापरणाऱ्यांकडून: खरं मायलेज किती, काय खटकलं, पुन्हा तीच घ्याल का. डिझेल, सीएनजी, पूर्ण इलेक्ट्रिकवाल्यांनीही लिहा. हायब्रिडचा विचार करून शेवटी न घेतलेल्यांनी तर जरूर लिहा.

संथगती

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबतची मोटर एकटीही गाडी थोडा वेळ ओढते ती. बरीच वर्षं वापरतोय. तुमच्यासारखाच वापर आहे, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवातीला गाडी चालू झालीय की नाही हेच कळत नाही. बटण दाबलं, 'रेडी' दिवा लागला, आवाज काही नाही. ब्रेक सोडला की गुपचूप पुढे सरकते. ट्रॅफिक जितका वाईट तितकी ही गाडी खूश, कारण सरकणं-थांबणं मोटरवर होतं आणि ब्रेक दाबला की वाया जाणाऱ्या ऊर्जेतला बराचसा भाग बॅटरीत परत जातो. माझं मायलेज शहरात जास्त आणि हायवेवर कमी येतं. एकसारख्या जोराच्या वेगात परत मिळवण्यासारखं काही उरतच नाही, सगळा भार इंजिनवर.

आत नेहमीचा गिअरबॉक्स नाही. इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरला जोडलेल्या असतात. एक मोटर मुख्यतः वीज तयार करते आणि इंजिनचा वेग सांभाळते, दुसरी चाकं फिरवते. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पहिली प्रियस विकायला काढली, तेव्हापासून गाभा हाच आहे. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं: इंधन कमी पितं, पण खालच्या वेगात दम कमी. ती कसर मोटर भरून काढते.

आता खटकलेलं. गाडी भरलेली असताना खडा चढ आला की इंजिन एका सुरात ओरडत राहतं आणि वेग मात्र आपल्या गतीने वाढतो. गिअर बदलल्याचा दिलासा नाही. बायको म्हणते, हिला दम लागलाय, थांबव. आणि उतारावर उलटा प्रकार: बॅटरी लहान असते, साधारण एक-दीड युनिटची, ती अर्ध्या घाटातच भरते. मग ब्रेकची ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही. तिथे 'बी' मोडवर टाकायचं, इंजिन गाडीला आवरतं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. माझ्या गाडीत मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे. ती बॅटरीला थंड हवा देणारी. आमच्या कुत्र्याचे केस आत जाऊन त्यामागची गाळणी अशी चोंदली होती की बोटाने ओढली तर नमद्यासारखी सलग निघाली. पंखा जोरात घोंघावत होता त्याचं कारण ते. तिथे पिशव्या, उशा ठेवू नका.

पुन्हा घेईन का? या वापराला, हो.

आकडेमोड

धागाकर्ते, 'किलोमीटर प्रति लिटर' बघून निर्णय घेऊ नका, वर्षाला लिटर किती वाचतील ते काढा. समजा वर्षाला १२,००० किमी. १० चं मायलेज १५ झालं तर ४०० लिटर वाचतात. २० चं ३० झालं तर फक्त २००, आणि ऐकायला मात्र दुसरी उडी मोठी वाटते. म्हणजे ज्याची आताची गाडी जास्त पिते त्याला हायब्रिडचा फायदा मोठा. ज्याची छोटी, हलकी मॅन्युअल आधीच कमी पिते त्याने वाचणाऱ्या लिटरची रक्कम आणि गाडीच्या किमतीतला फरक शेजारी-शेजारी मांडावा. मी मांडला आणि साधी पेट्रोल घेतली. माझं चालवणंच कमी आहे.

नुसता_बिल्ला

माइल्ड हायब्रिड आहे. मोटर इंजिनला पट्ट्याने जोडलेली, ४८ व्होल्टची. उचल घेताना थोडा हात देते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन न धडधडता चालू करते. बस. निव्वळ विजेवर चालत नाही. गाडी चांगली आहे, पण या धाग्यात मला हायब्रिडवाला म्हणून मोजू नका.

रात्रपाळी

टॅक्सी चालवतो. स्ट्राँग हायब्रिड. गिऱ्हाइकाची वाट बघत एसी लावून बसावं लागतं, तिथे या गाडीची खरी मजा. कॉम्प्रेसर विजेवरचा, इंजिन अधूनमधून थोडा वेळ उठतं, बॅटरी भरतं, झोपतं. आधीच्या गाडीत उभ्या-उभ्या पेट्रोल जाळत होतो.

ब्रेक पॅड फार टिकतात, मेकॅनिकही चकित होतो. उलट बाजू अशी की ब्रेक कमी घासले जातात म्हणून पावसात उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो. मोकळा रस्ता बघून दोन-चार वेळा जरा जोरात ब्रेक मारायचा, साफ होतो.

एकदा ऐन पाळीच्या वेळी गाडी उघडेना, दिवे मरगळलेले. मोठी बॅटरी भरलेली होती, मेली होती ती नेहमीची १२ व्होल्टची. गाडीचा संगणक जागा करायला आणि मोठी बॅटरी जोडून घ्यायला तीच लागते. तिचं वय लक्षात ठेवा.

दोन्ही_डगरींवर

प्लग-इन हायब्रिड. घरी चार्जर आहे, हे आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून. आठवडाभर ऑफिस विजेवर, पेट्रोल पंप विसरायला होतो. इतका, की टाकीतलं पेट्रोल जुनं होतं आणि मग गाडी आपणहून इंजिन लावून ते संपवायला लागते. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं बिघडली.

लांब निघालं आणि बॅटरी संपली की तिचं वजन वाहणारी पेट्रोल गाडी उरते. आणि चार्ज न करणाऱ्यांच्या हातात तर ती कायमच तशी असते. आमच्या ऑफिसने काहींना अशा गाड्या दिल्या, इंधनाचा खर्च ऑफिसचा. चार्जिंगची केबल कित्येकांनी वेष्टणातूनही काढली नव्हती! युरोपीय आयोगाने गाड्यांमधल्या इंधनमापकांची माहिती गोळा करून २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात प्लग-इनचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल-डिझेलमध्ये हा फरक सुमारे २० टक्के होता.

तुमच्याकडे प्लग नाही ना? मग हा पर्याय आजच खोडा.

विजेरी

हायब्रिड घ्यायला निघालो होतो, पूर्ण इलेक्ट्रिक घेतली. घरच्या प्लगवर रात्री लावायची, सकाळी भरलेली. इंजिन ऑइल नाही, बेल्ट नाही, सायलेन्सर नाही.

प्रवासात शिकायचं असतं ते असं: फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग फार मंदावतो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी ताटकळण्यापेक्षा पुढच्या ठिकाणी थांबणं बरं. कडाक्याच्या थंडीत पल्ला चांगलाच घटतो, कारण हीटरही त्याच बॅटरीवर. बॅटरी कुठल्या रसायनाची आहे ते विचारून घ्या. एलएफपी असेल तर कंपन्या अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरायला सांगतात, एनएमसी असेल तर रोजच्याला ८० च्या आसपास थांबणं चांगलं.

पण प्लगशिवाय? भाऊ, रोज सार्वजनिक चार्जर शोधत फिरणं म्हणजे दुसरी नोकरी. मी तरी घेतली नसती.

लांबपल्ला

डिझेलची बाजू कोणीच घेत नाही म्हणून लिहितो. माझं बहुतेक चालवणं हायवेवर, गाडी भरलेली. तिथे डिझेलचा ओढा आणि मायलेज यांना हायब्रिड फार मागे टाकत नाही. मात्र धागाकर्त्यांच्या वापराला डिझेल नकोच. धुराची काजळी अडवणारा जो फिल्टर असतो तो साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापलेलं, पळतं लागतं. रोज थोडंसं सरकून बंद करणाऱ्याचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, मग वर्कशॉपच्या चकरा.

डिकी_कुठाय

सीएनजी. चालवायला स्वस्त, यात वाद नाही. चढाला जीव थोडा कमी, आणि सिलिंडरने डिकी खाल्ली. सामान मांडीवर. रांगेत उभं राहायची तयारी असेल तर घ्या.

मागची_सीट

मी गाडी चालवत नाही, मागे बसते. मला गाडी लागते. मुलाच्या इलेक्ट्रिकमध्ये तो पाय उचलला की गाडी आपोआप आवरते, पुन्हा दाबला की सुटते. त्याला फार आवडतं, माझ्या पोटात ढवळतं. त्याने सेटिंगमध्ये जाऊन ते आवरणं सौम्य केलं तेव्हा बरं वाटलं. जावयाच्या हायब्रिडमध्ये हा त्रास होत नाही. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातल्या गाडी लागणाऱ्या माणसाला मागे बसवा. विक्रेता पुढचीच सीट दाखवतो.

गॅरेजवाला

वर बहुतेक बरोबर लिहिलंय. माझ्याकडून थोडी भर.

वापरलेली हायब्रिड घेणाऱ्यांनी बॅटरीचा रिपोर्ट मागा. जुन्या निकेल मेटल हायड्राइड पॅकमध्ये बरेच मॉड्यूल ओळीने जोडलेले असतात, एक खचला की सगळ्यांना खाली खेचतो. 'एक मॉड्यूल बदललाय, आता नवीनसारखी' असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. बाकीचे तितकेच म्हातारे असतात, काही महिन्यांनी दुसरा जातो. स्कॅनर लावून प्रत्येक मॉड्यूलचं व्होल्टेज भार असताना बघायचं, गाडी उभी असताना सगळेच चांगले दिसतात. नवीन गाडीला बऱ्याच कंपन्या बॅटरीवर ८ वर्षांच्या आसपास वॉरंटी देतात, पण अटींत सर्व्हिस कुठे करायची ते वाचा.

बॉनेटखाली नारिंगी केबल दिसल्या की हात मागे. तो उच्च दाबाचा वीजपुरवठा, रंग त्यासाठीच ठरवलेला. उंदरांनी कुरतडल्या तर गाडी स्वतःहून बंद पडते आणि दुरुस्ती महाग जाते. इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी काही गाड्यांत इंजिनच्या कूलंटपासून वेगळी असते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्लग-इन, इलेक्ट्रिक आणि डिझेल खोडले. आता स्ट्राँग हायब्रिड आणि छोटी पेट्रोल समोरासमोर आहेत. आकडेमोडकरांचं गणित करून बघितलं, आमची गाडी इतकी पिते की हायब्रिडचं पारडं जड दिसतंय.

गॅरेजवाले, एक शंका. आम्ही वर्षातून एकदा बरेच आठवडे बाहेरगावी असतो, गाडी तशीच उभी. हायब्रिडला चालेल?

गॅरेजवाला

चालेल. मोठ्या बॅटरीची काळजी नको, त्रास देईल ती १२ व्होल्टची. मागे कोणी असेल तर त्यांना आठवड्यातून एकदा 'रेडी' दिवा लावून अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगा, पण हवेशीर जागेत, इंजिन मधेच चालू होईल. नुसतं बटण दाबून दिवे-रेडिओ लावू नका, त्याने उलट उतरते. कोणीच नसेल तर १२ व्होल्टची निगेटिव्ह तार काढून जा, फक्त डिकी विजेवर उघडणारी असेल आणि ती बॅटरी डिकीतच असेल तर आधी मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर परत आल्यावर आत शिरायला जागा नाही. आणि उतरलीच तर जंप देता येतो, हिला स्टार्टर ओढायचा नसल्यामुळे थोडा करंट पुरतो. तुमच्या हायब्रिडवरून दुसऱ्याच्या बंद डिझेलला मात्र जंप देऊ नका, शेजारी कितीही चांगला असला तरी.