डेबियन (लिनक्सचं एक वितरण): सी लायब्ररीच्या पॅकेजांची नावं आणि सेक्शन (पॅकेजाचा वर्ग) कसे ठरवायचे?

नवा_पॅकेजर
मूळ प्रकल्पाचं नाव 'वर्ण_2', सोनेम (प्रोग्राम चालताना लायब्ररी ज्या नावाने शोधतात ते) 'लिबवर्ण2.एसओ.3'. त्यात लायब्ररी, हेडर (लायब्ररी वापरून प्रोग्राम बनवताना लागणाऱ्या फाइली), कमांड लाइनवरचं एक टूल आणि पायथन बाइंडिंग (लायब्ररी पायथनमधून वापरायचा जोड) आहे. सगळं एकाच पॅकेजात ठेवू की वेगळं करू? आणि सेक्शन कोणते द्यायचे?

सोनेम_आधी
वेगळंच करा. नावात फक्त लहान इंग्रजी अक्षरं (इथे नावं देवनागरीत लिहिली आहेत), अंक, अधिक, वजा आणि टिंब चालतात. अंडरस्कोअर नाही, कारण डेब फाइलच्या (बांधलेल्या पॅकेजाच्या फाइलच्या) नावात पॅकेज, आवृत्ती आणि आर्किटेक्चर तोच वेगळं करतो. म्हणून सोर्स पॅकेज 'वर्ण2'.

लायब्ररीचं नाव सोनेमवरून ठरतं, प्रकल्पाच्या आवृत्तीवरून नाही. तुमचं मूळ नाव अंकाने संपतंय, त्यामुळे मध्ये डॅश हवाच: 'लिबवर्ण2-3'. नाहीतर 'लिबवर्ण23' वाचणारा तेवीस समजेल. उद्या सोनेम 4 झाला की 'लिबवर्ण2-4' हे निराळं पॅकेज येईल आणि दोन्ही शेजारी शेजारी बसतील. जुने प्रोग्राम मोडणार नाहीत. पण टूल किंवा भाषांतराच्या फाइली याच पॅकेजात कोंबल्या तर तीच फाइल दोन्हींत येते आणि डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) दुसरं पॅकेज बसवायला नकार देतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टूलला स्वतंत्र 'वर्ण2-टूल्स' द्या.

हेडर 'लिबवर्ण2-डेव्ह' मध्ये. त्याचं अवलंबन 'लिबवर्ण2-3' च्या नेमक्या त्याच आवृत्तीवर ठेवा, नुसत्या नावावर नको.

कंट्रोल_फाइल
पायथन बाइंडिंगच्या पॅकेजासाठी पायपीआयवरचं (पायथनच्या पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातलं) नाव घेऊ नका, इम्पोर्ट करताना लिहितो ते घ्या. पायवायएएमएलचं पॅकेज 'पायथन3-यामल' आहे ते यामुळेच.

सेक्शन: लायब्ररीला लिब्स, हेडरला लिबडेव्हल, बाइंडिंगला पायथन, टूलला युटिल्स. कंट्रोल फाइलीत (पॅकेजांची माहिती असलेल्या फाइलीत) सोर्सच्या परिच्छेदात दिलेला सेक्शन बाकीच्यांना आपोआप लागतो, म्हणून फरक असेल तिथेच लिहा. त्यावर फार डोकं शिणवू नका. अर्काइव्हच्या (डेबियनच्या पॅकेज साठ्याच्या) ओव्हरराइड फाइलीत वेगळं असेल तर तेच चालतं आणि बदल एका बग रिपोर्टवर होतो. नवं बायनरी (बसवायच्या पॅकेजाचं) नाव मात्र न्यू रांगेतून, म्हणजे नव्या पॅकेजांच्या तपासणीतून जातं, तिथे वाट पाहावी लागते. विचार करायचा तो नावाचा.

नवा_पॅकेजर
टूल आधी 'वर्ण-युटिल' या नावाने वाटलं गेलंय. ते कसं हलवू?

सोनेम_आधी
'वर्ण-युटिल' रिकामं ठेवा: सेक्शन ओल्डलिब्स, प्रायॉरिटी ऑप्शनल, अवलंबन 'वर्ण2-टूल्स' वर. नव्या पॅकेजात ब्रेक्स (त्या पॅकेजासोबत चालत नाही) आणि रिप्लेसेस (त्याच्या फाइलींची जागा घेतो) दोन्ही लिहा, तेही आवृत्तीच्या मर्यादेसह, म्हणजे फाइली हलल्या त्याआधीच्या आवृत्त्यांपुरतेच. रिप्लेसेस लिहायचं राहिलं तर अपग्रेड 'ही फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे' म्हणून अडतं. मर्यादा लिहायची राहिली तर ब्रेक्स तुमच्या रिकाम्या पॅकेजालाच लागू होतं आणि दोन्ही एकत्र बसत नाहीत.