५० लाख वर्षाला नाहीत, एकदाच

सरकार दुर्मीळ आजारांच्या मुलांना ५० लाख देतंच आहे, मग पालक कोर्टात कशाला जातात, असं विचारलं गेलं म्हणून लिहिते. राष्ट्रीय धोरणातली ही मदत दरवर्षी मिळत नाही, एका रुग्णाला एकूण तेवढीच. माझ्या भाचीला गौचर हा दुर्मीळ आजार आहे, त्यात शरीरात एक एन्झाइम, म्हणजे चरबीजन्य पदार्थ मोडणारं प्रथिन, कमी पडतं. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून ते एन्झाइम द्यावं लागतं, तेही आयुष्यभर. डोस वजनावर ठरतो. नर्स तिला काट्यावर उभी करते तेव्हा वहिनी श्वास रोखून आकडा बघते. लेकीचं वजन वाढलं की आईला आनंद व्हायला हवा ना? इथे औषधाची कुपी वाढते आणि निधी तेवढा लवकर संपतो. उपचारांनी तिचं फुगलेलं पोट उतरलंय, आता जिने चढते पोरगी. हे मध्येच थांबवायचं? ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन आर्थिक वर्षांसाठी ९७४ कोटींचा राष्ट्रीय निधी उभारायला सांगितलं, ते अशाच कुटुंबांच्या याचिकांवर. या मुलांचे उपचार थांबू नयेत म्हणून आपापल्या खासदारांना पत्र लिहा, कळकळीची विनंती आहे. मसुदा माझ्याकडे तयार आहे, हवा त्यांनी मागा.