खताच्या गोडाऊनमधली स्टँडर्ड हेरल्ड: घेण्याआधी गंज कुठं कुठं पाहायचा?

दारव्हा_रोड

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात एक दोन दरवाज्यांची स्टँडर्ड हेरल्ड विकायला आहे, साठच्या दशकातली, मद्रासची बनावट. मालक कृषी केंद्रवाले आहेत, गाडी बरीच वर्षं त्यांच्या खताच्या गोडाऊनमध्ये कोपऱ्यात उभी आहे. वरून पत्रा चकाचक, मागं कधीतरी रंग मारलेला. इंजिन हातानं फिरते, चालू नाही. इंजिनाचं मी पाहून घेईन, पण चेसिसचा आणि पत्र्याचा अंदाज येत नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे आधी दरवाज्याखालचा सिल ठोकून पाहतात. हेरल्डमध्ये नेमकं कुठं पाहायचं, सोबत काय न्यायचं, आणि काय दिसलं तर सरळ परत यायचं?

कमानपाटा

भाऊ, ते व्हिडिओ बहुतेक ट्रायम्फ स्पिटफायर या इंग्लंडच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीचे असतील. १९६२ ची स्पिटफायर हेरल्डच्याच चेसिसवरून निघाली, पण चेसिस आखूड केली आणि बाजूचे रेल काढून टाकले. म्हणून तिथं सिलवर भार येतो, आणि सिल सडला की गाडी मधातून वाकते. हेरल्डला खाली पूर्ण चेसिस आहे. तिचा सिल बराचसा झाकण म्हणूनच असतो. तो सडला तर पैसे जातील, गाडी जाणार नाही. चेसिस सडली तर मात्र वरचा चकाचक पत्रा काहीच कामाचा नाही. त्यामुळे पाहणी खालून सुरू करा, रंगाकडे शेवटी वळा.

सोबत न्या: चांगली टॉर्च, छोटा आरसा, जुना पेचकस, पावशेर वजनाची हातोडी, तारेचा ब्रश, थोडं डिझेल, मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक, खडू, दोरी आणि गवंड्याचा ओळंबा. दोन जॅक आणि दोन लोखंडी स्टँडही न्या. जमीन काळ्या मातीची असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवा, नाहीतर जॅक कलंडतो. फक्त जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, आणि टेकू म्हणून विटा तर अजिबात लावू नका. भाराखाली वीट न सांगता फुटते. जॅक मुख्य रेलखाली लावा. आउटरिगरखाली, म्हणजे रेलमधून बाजूला निघालेल्या फाट्याखाली लावला आणि तो आतून कुजका निघाला तर चिरडून जाईल.

मधातून दोन मुख्य रेल पुढून मागं जातात. त्यांच्यातून बाजूंना आडवे फाटे निघतात, तेच आउटरिगर. त्यांची टोकं बाजूच्या रेलला जोडलेली असतात, आणि बॉडी या सांगाड्यावर पॅड ठेवून बोल्टनं बसवलेली असते. हेरल्ड सगळ्यात आधी इथं सडते. चाकानं उडवलेला चिखल आउटरिगरच्या वरच्या अंगाला, बॉडी आणि चेसिसच्या सांदीत जाऊन बसतो. काळी माती ओल धरून ठेवते, वरून सुकलेली दिसली तरी आत ओलीच राहते. म्हणून आउटरिगर खालून शाबूत आणि वरून चाळण, असं हमखास सापडते. आरसा वरच्या बाजूला धरून पाहा, माती पेचकसानं उकरा, मग हातोडीनं हलकेच ठोका. निरोगी लोखंड टणकन वाजते, कुजलेलं भदभद वाजते आणि पापुद्रे गळतात. जिथं शंका आली तिथं पेचकस जोरानं दाबा. मालकाला हे आधीच सांगून ठेवा, नंतर वाद नको.

मुख्य रेलवर तीन जागा सोडू नका. पुढचं सस्पेन्शन ज्या बुरजांवर बसते त्यांच्या बुडाची जागा, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) जिथं अडकवलेलं आहे ती जागा, आणि डिकीखाली निघालेले मागचे आउटरिगर. डिफरन्शियलच्या वर आडवा कमानपाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग असते आणि मागच्या चाकांचा सगळा मार त्याच जागेवर येतो. तिथं गंजासोबत बारीक तडेही शोधा. डिझेल लावून ब्रशनं घासलं की तडा काळ्या रेषेसारखा उठून दिसते.

खालून ताजा काळा कोट दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या जळक्या ऑइलचा थर असेल तर ते चांगलं, त्यानं लोखंड वाचते. पण नवा डांबरी कोट बहुतेक वेळा पापुद्र्यांवरच मारलेला असते. चार-पाच ठिकाणी तो खरवडून पाहू द्या असं म्हणा, मालक नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

पुट्टी_काढा

वरच्या पत्र्याचं सांगतो.

चुंबक आधी छतावर लावा, कारण छताला सहसा पुट्टी नसते. तिथली पकड हाताला लक्षात ठेवा. मग तेच चुंबक मडगार्डच्या कमानी, दरवाज्यांची खालची चार बोटं, सिल आणि डिकीच्या झाकणाची खालची कड यांवरून फिरवा. जिथं पकड ढिली पडली तिथं जाड पुट्टी आहे, आणि पूर्ण सुटलं तर खाली पत्राच उरलेला नाही. रंगावर बारीक फोड आले असतील तर नखानं दाबा. असे फोड बहुतेक आतून आलेले असतात, म्हणजे बाहेर दिसते त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा आत गेलेली असते.

दरवाजा अर्धा उघडून टोकाकडून वर उचला. तो हलला तर बिजागऱ्या झिजल्या आहेत की खांबाचं बूड सडलं आहे, हे खांबाकडे नजर ठेवून उचललं की कळते. खांबच हलत असेल तर काम मोठं. दरवाजा बंद करून फटही पाहा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर चेसिस मधात खचली आहे किंवा बॉडीचे पॅड बसले आहेत. पॅड बदलता येतात, म्हणून फट पाहून लगेच घाबरू नका, आधी पॅड तपासा.

बॉनेटवरून मात्र अंदाज बांधू नका. हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटते आणि त्याला ॲडजस्टमेंट आहे. ते वाकडं बसलं म्हणजे ठोकलेली गाडी, असं नाही.

आतला गालिचा उचलाच. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर बॅटरी असते, तिचं ॲसिड ओघळून पाय ठेवायच्या जागेपर्यंत उतरते. ड्रायव्हरच्या बाजूला ब्रेक ऑइल गळलं असेल तर आधी रंग सोलला जाते आणि मग गंज धरते. काचेच्या रबरातून पाणी येत असेल तर त्याचीही ओल फ्लोअरवरच साचते. या गाडीची बॉडी पुढचा आणि मागचा भाग बोल्टनं जोडून बनलेली आहे, तो आडवा सांधा सीटजवळ हात घालून चाचपा. डिकीत स्टेपनीचा खड्डा रिकामा करून पाहा, तिथली पाणी निघायची भोकं बुजलेली असतात. पेट्रोलची टाकीही डिकीतच बाजूला आहे. तिच्या बुडाला ओल किंवा लाल भुकटी दिसली तर टाकी बदलण्याचा खर्च धरा.

बी_बियाणे_वाला

तुमच्या गाडीत गंजापेक्षा खत ही मोठी अडचण आहे, त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

युरिया ३०° तापमानाला हवेत साधारण ७२ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की पाणी ओढायला लागते. पोटॅशसोबत मिसळलं तर त्याच्याही आधी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये गोडाऊनची हवा त्याच्या कितीतरी वर असते. म्हणजे गाडीवर बसलेली खताची धूळ दर पावसाळ्यात ओली होते आणि उन्हाळ्यात वाळते. त्यातल्या त्यात पोटॅश वाईट, कारण ते पोटॅशियम क्लोराइड आहे. क्लोराइड लोखंडात घुसलं की वरून रंग मारला तरी खाली गंज चालूच राहते. १०:२६:२६ सारख्या मिश्र खतांतही पोटॅश असतेच.

म्हणून मालकाला विचारा, गाडीजवळ कोणत्या पोत्यांची थप्पी होती. फक्त युरिया असेल तर त्यातल्या त्यात बरं. सीटखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, रेलच्या वरच्या अंगाला पांढरा किंवा लालसर खारा थर दिसते का पाहा. थर सापडला आणि गाडी घेतलीच, तर कोणतंही गंजरोधक लावण्याआधी ती जागा साध्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुवावी लागेल आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी लागेल. खार तसाच ठेवून प्रायमर मारला तर एका पावसाळ्यात फोड येतात.

उंदीरही पाहा. सिलच्या पोकळीत भुसा, पोत्यांचे धागे, लेंड्या सापडतील. त्यांच्या मुतानं पत्रा आतून खाल्ला जाते, वायरिंग तर कुरतडलेलं असतेच.

दारव्हा_रोड

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे गाडी उन्हात काढून पाहिली. मुख्य रेल दोन्ही बाजूंनी टणक, डिफरन्शियलजवळ तडा नाही. डाव्या बाजूचा पुढचा आउटरिगर वरून गेला आहे, पेचकस मुठीपर्यंत आत गेला आणि आतून ओली काळी माती निघाली. त्याच बाजूचा मागचा आउटरिगर पातळ वाटते, पण भोक पडलं नाही. पॅसेंजरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक. डाव्या दरवाज्याची फट वर अरुंद. थप्पी युरियाची आणि डीएपीची होती, पोटॅश दुसऱ्या खोलीत ठेवतात म्हणाले. घ्यावी का?

कमानपाटा

मुख्य रेल आणि डिफरन्शियलची जागा चांगली असेल तर घेण्यासारखी आहे, पण भाव पाडून. आउटरिगर बनवता येतात. भाव ठरवायच्या आधी चेसिस सरळ आहे का तेवढं मोजा. सपाट फरशीवर गाडी चार स्टँडवर घ्या. पुढच्या आणि मागच्या, डाव्या-उजव्या सारख्या बोल्टांच्या मध्यातून ओळंबा सोडा, फरशीवर खडूनं खुणा करा आणि दोरीनं दोन्ही कर्ण मोजा. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतचा फरक चालते. दोन सेंटिमीटर आला तर गाडी ठोकलेली किंवा वाकलेली आहे, मग सोडून द्या.

कामाचा क्रम बिघडवू नका. आधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी गाडीबाहेर काढून लांब ठेवा, सीट आणि गालिचे काढा. रिकाम्या टाकीतली वाफही वेल्डिंगच्या ठिणगीनं पेट घेते. मग दरवाज्याच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी टाकून ती तात्पुरती टाका मारून घ्या, आणि एका वेळी एकच आउटरिगर कापा. दोन्ही एकदम कापले की बाजूचा रेल लोंबकळते आणि दरवाजा पुन्हा कधी नीट बसत नाही. प्रत्येक टाक्यानंतर दरवाजा लावून फट पाहा, जास्त ताप एकाच जागी देऊ नका.

चेसिसच्या कामाला १४ गेज पत्रा, फ्लोअरला २० गेज. फ्लोअरवर साधं रॉडचं वेल्डिंग करू देऊ नका, तो पत्रा जळून भोक मोठं होते. सीओटू वेल्डिंगवाला (रॉडऐवजी बारीक तार आणि गॅसवर करतात ते) यवतमाळ किंवा अमरावतीत गाठा. सडलेल्या पत्र्यावर नवी पट्टी चिटकवणं म्हणजे सडकं झाकणं, निरोगी लोखंड लागेपर्यंत कापायलाच लावा. शेवटी पोकळीत वॅक्स फवारा, पण पाणी निघायची भोकं उघडी ठेवा.

पुट्टी_काढा

डाव्या दरवाज्याची अरुंद फट पुढच्या आउटरिगरमुळेच असेल, ताळमेळ बसते. तरी उजव्या बाजूच्या आउटरिगरलाही वरून आरसा लावून पाहिला का? एक बाजू इतकी गेली असेल तर दुसरी साफ असणं कठीण. भाव दोन्ही बाजू धरूनच सांगा.

आरसी_बुक

पैसे देण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवा, नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घासून ठसा घ्या. गंज घासताना नंबराची जागा ग्राइंडरखाली येऊ देऊ नका. नंबर पुसट झाला तर नाव ट्रान्सफर करताना आरटीओत गाडी अडकते. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, तेव्हा कशासाठी घेता ते आधी ठरवा.